अंगावरचा साबण

"पाणी कसं वापरायचं हे या इमारतीत एकाच माणसाला कळतं, आणि तो मी," असं टाकीकाका दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकायला कोणी नसलं तर आरशाला सांगत. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म गेलेला माणूस. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना निरोप दिला, त्यांनी मात्र खात्याला दिला नाही. रोज सकाळी गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीत डोकावायचं आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा टाकीवर हात ठेवायचा. प्रत्येक घराच्या पाण्याचा कॉक गच्चीवरच होता आणि कोणता कोणाचा हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे लोक त्यांचं खरं नाव केव्हाच विसरले होते.

सुट्टीत नात राहायला आली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी उभी राहिलेली ती कोणी पाहिली नव्हती. मागच्या सुट्टीत मात्र ती पूर्ण वेळ एका जागी बसली होती, आजोबांच्या फोनमध्ये डोकं घालून. जाताना तिने फोनचा मुका घेतला आणि आजोबांना नुसता हात हलवला. ते काकांच्या फार मनाला लागलं. यंदा त्यांनी ठरवलं होतं, पोरीला असं काही शिकवायचं की जन्मभर नळ उघडताना आजोबा आठवले पाहिजेत. एकटीला शिकवायला बसवलं तर ती पळून जाईल, म्हणून त्यांनी इमारतीतली सगळी पोरं गच्चीवर गोळा केली.

"सुट्टीचा वर्ग," त्यांनी जाहीर केलं. "विषय दोन. पाणी आणि मैत्री."

आता पाण्याचं एक ठीक होतं. मैत्री हा विषय त्यांनी कशाला अंगावर घेतला, देव जाणे.

कारण असं, की काकांना उभ्या आयुष्यात मित्र एकच. मास्तर. चित्रकलेचे मास्तर, बरोबर त्यांच्या खालच्या घरात राहणारे. रोज संध्याकाळी दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडायचा. मास्तरांना एकच खोड होती. आंघोळीला बसले की नळ पूर्ण सोडायचा आणि गाणं म्हणायचं, आणि गाणं संपेपर्यंत नळ बंद करायचा नाही. मध्येच बंद केला तर ताल जातो म्हणे. दोन्ही घरांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडत, त्यामुळे खालचं पाणी आणि खालचं गाणं दोन्ही काकांना जसंच्या तसं ऐकू यायचं. गाणं त्यांना फार आवडायचं. पाण्याने मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात टाकी तळाला गेलेली असताना मास्तरांनी एक लांबलचक गाणं काढलं. काका तडक गच्चीवर गेले आणि त्यांनी मास्तरांचा कॉक बंद केला. मास्तर तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत साबणात होते. तो नेमका त्यांच्या निवृत्तीचा दिवस. शाळेत सत्कार होता. टॉवेलने होईल तेवढं पुसून मास्तर तसेच धावले. सत्काराच्या फोटोत त्यांच्या दोन्ही कानांना पांढरी किनार आहे आणि शेजारचे हेडमास्तर टक लावून तिच्याकडेच बघताहेत.

संध्याकाळी मास्तर वर आले. "तुला मित्र मोठा की पाणी?" त्यांनी विचारलं.

"पाणी संपलं तर मित्र पिणार काय?" काका म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद, डाव बंद आणि गाणंही बंद. काकांना आपलं ते उत्तर मनातून फार आवडलं होतं. काही फर्मास सुचलं की खाली जाऊन मास्तरांना ऐकवायचं ही त्यांची जुनी सवय, आणि आता नेमकं तेच करता येत नव्हतं. पट ते एकटेच मांडत. दोन्हीकडून स्वतःच खेळत आणि तरी हरून उठत. जिना उतरताना मास्तरांच्या दाराशी आलं की त्यांच्या चपलेचा अंगठा हटकून सैल व्हायचा. मग खाली वाकून तो बराच वेळ नीट करायचा. दार काही उघडायचं नाही. माफी मागावी असं त्यांना अधूनमधून वाटे, पण चूक मास्तरांची होती हेही तितकंच खरं होतं, आणि या दोन गोष्टींची सांगड त्यांना घालता येत नव्हती.

तर वर्ग सुरू झाला. काकांनी पोरांना टाकी दाखवली, कोणता कॉक कोणाचा ते सांगितलं, एक फिरवून दाखवला. "पाणी वाया जाताना दिसलं की गप्प बसायचं नाही. समोर कोण आहे ते बघायचं नाही. थेट गच्चीवर यायचं आणि त्या घराचा कॉक बंद."

"आणि मैत्री?" भिंगरीने विचारलं.

काका जरा अडखळले. "मैत्री म्हणजे... मित्र चुकत असेल तर त्याला थांबवायचं."

"त्याला राग आला तरी?"

"आला तरी."

"मग तुमचा मित्र कोण आहे, आजोबा?"

"पाणी," काका म्हणाले.

भिंगरी विचारात पडली. "ते तुमच्याशी बोलतं?"

काकांनी वर्ग लवकर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला बसले. एक बादली, वर थेंब नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी नळाखाली बादली लावली, डोक्याला, तोंडाला, अंगाला साबण फासला, आणि तेवढ्यात डक्टमधून गाणं आलं.

मास्तर गात होते. वर्षभराने! काका होते तसे बसून राहिले. तोच आवाज, तशीच वरच्या सुरावर जाताना घेतलेली उसनी खोकल्याची उबळ. बादली भरली. बादली वाहायला लागली. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाणी बाहेर निघालं. काकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटत होतं, हे गाणं आपण खरंच आवडीने ऐकायचो, आणि हे त्याला कधी सांगितलंच नाही.

बाहेर भिंगरीच्या पायांना पाणी लागलं. तिने दार वाजवलं. उत्तर नाही. समोर आजोबा होते, पण समोर कोण आहे ते बघायचं नाही असं आजोबांनीच शिकवलं होतं. ती शेजारच्या पोरांना हाका मारत गच्चीवर सुटली. आजोबांचा कॉक इतक्या वर्षांत कोणी बंद केलेलाच नव्हता, तो पार गंजला होता. पोरांनी जोर लावला तशी त्याची मूठ निघून हातात आली. मग पोरांनी विचार केला, आणि पोरांनी विचार केला की मोठ्यांचे नेहमीच हाल होतात. एका कॉकने भागत नसेल तर टाकीचा मोठा व्हॉल्व्ह बंद करू! सगळ्यांनी लटकून तो फिरवला. तो फिरला, कर्रकन वाजला आणि जाम होऊन बसला.

अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं. तोंडात ब्रश धरून माणसं जिन्यात आली. रात्रपाळी करून आलेली नर्स केसांना शांपू लावून दारात उभी राहिली. टाकीकाका कुठे आहेत, असा एकच कल्लोळ झाला. टाकीकाका न्हाणीघरात चाचपडत होते. गाणं संपल्यावर ते भानावर आले, तर बादली त्यांच्याच पायाने लवंडलेली, नळ कोरडा आणि साबण डोळ्यांत. कसाबसा पंचा गुंडाळून, डोळे घट्ट मिटून ते बाहेर आले. 

"प्लंबर दुपारी येईल म्हणतोय," कोणीतरी सांगितलं.

"दुपारी? आणि डोळ्यांचं काय करू मी?"

भिंगरीने त्यांचा हात धरला. "चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"पाणी आहे तिथे. मी काल पाहिलंय."

पायऱ्या मोजताच काकांना कळलं, हे मास्तरांचं दार. आज आड लपायला चपलेचा अंगठाही नव्हता, पाय अनवाणी होते. भिंगरीने दार ठोठावलं आणि काकांसाठी वर्षभर न उघडलेलं ते दार लगेच उघडलं.



"आत ये," मास्तरांचा आवाज आला. "पायपुसण्यावर पाय पूस. आणि भिंतीला टेकू नकोस."

न्हाणीघरात त्यांनी काकांना पाटावर बसवलं आणि डोक्यावर पहिला तांब्या ओतला. काकांचे डोळे उघडले. समोर काठोकाठ भरलेलं पिंप होतं.

"एवढं पाणी?"

"तुझ्या कृपेने. त्या दिवसानंतर मी पिंप भरल्याशिवाय अंगाला साबण लावत नाही. रोज शिळं ओतून देतो आणि ताजं भरतो."

म्हणजे वर्षभर रोज एक पिंप! काकांच्या तोंडात उत्तर आलं होतं, पण त्यांची नजर मास्तरांच्या खांद्यावरून बाहेर गेली. खोलीत खोकी रचलेली होती. भिंतींवर चित्रं नव्हती, नुसते खिळे होते.

"कुठे चाललास?"

"लेकीकडे. परवा."

"परत कधी?"

मास्तरांनी तांब्या बुडवला. "हे घर दिलं भाड्याने."

"मला सांगितलं नाहीस."

"दाराशी येऊन तू रोज चपलेशी बोलायचास. मी आतून ऐकायचो. म्हटलं, आज तरी बेल वाजवेल."

काका खाली बघत राहिले. साबण निघून गेला होता, तरी डोळे चुरचुरत होते. "मी चुकलो रे," ते म्हणाले. "म्हणजे पाण्याचं माझं बरोबर होतं. पण मी चुकलो."

"माहीत आहे मला."

"आज गायलास कसा काय?"

"सामान बांधून झालं. रिकाम्या घरात आवाज छान घुमतो."

 आंघोळ संपली की उठावं लागणार, उठलं की वर जावं लागणार, आणि वर जाऊन बसलं की परवा उजाडणार, एवढं काकांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी तांब्या ओतला. लेकीचं घर केवढं आहे, तिथे बुद्धिबळ खेळणारं कोणी आहे का, काकांनी एकेक विचारायला सुरुवात केली. प्रत्येक प्रश्नाला एक तांब्या लागत होता. पिंप अर्ध्यावर आलं, मग पाणी आणखी खाली गेलं. बाहेर दारापासून जिन्यापर्यंत रिकाम्या बादल्या घेऊन वर्गातली पोरं उभी होती, आपापल्या आयांनी पाठवलेली. आपले गुरुजी इमारतीतलं शेवटचं पाणी कसं वापरतात, ते सगळी बघत होती.

शेवटी भिंगरीला राहवेना. "आजोबा, साबण केव्हाच गेला."

"पाठीला राहिलाय," काका म्हणाले.

ती मागे गेली आणि नीट वाकून बघून आली. "पाठीलाही नाही."

मास्तरांनी चष्मा वर केला आणि काकांच्या ओल्या, लख्ख पाठीकडे बराच वेळ पाहिलं.

"आहे, बाळा," ते म्हणाले. "तुला नाही दिसायचा." आणि त्यांनी पिंपाच्या तळाशी तांब्या घातला.