खैरनारकाकांची गाडी काय म्हणते

आमच्या कॉलनीत रोज सकाळी साडेसहाला एक गृहस्थ गाडीचं बॉनेट उघडतात, चालू इंजिनावर हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर टेकवतात आणि त्याची लाकडी मूठ दातांत घट्ट धरून डोळे मिटून उभे राहतात. कॉलनीत नव्याने आलेली माणसं हे पहिल्यांदा पाहतात, तेव्हा आपल्या पोरांना घरात बोलावून घेतात.

हे खैरनारकाका, माझे शेजारी. मूळचे सटाण्याकडचे, पण नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सला होते. मशिनवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग जातंय. शनिवारपर्यंत ओढेल." आणि शनिवारी मशिन बसायचं. कारखान्यात त्यांना डॉक्टर म्हणत. "आवाज खोटं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून चारदा तरी ते हे म्हणतात, एकदा तर वरणाच्या कुकरकडे बघून म्हणाले.

रिटायर झाल्यावर हा माणूस एखादी शहाणी, चार दारांची गाडी घेईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. काकांनी गंगापूर रोडच्या एका बिल्डरच्या मुलाकडून तिसऱ्या हातची परदेशी कूपे आणली. नारिंगी रंग, नाक जमिनीला टेकलेलं, सायलेन्सर असा, की गाडी चालू झाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या थरथरतात.

"काका, दारं दोनच?" मी विचारलं.

"माणसं तरी किती आहोत घरात? दोनच."

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत संगीत शिकवतो, हार्मोनियम वाजवतो, स्कूटर चाळीसच्या पुढे नेत नाही. तरी गेली चार वर्षं दर रविवारी मी त्या गाडीत काकांच्या शेजारी बसतो. कारण काकांनी माझी नेमणूकच करून टाकली होती. "सर, तुमचा कान तयार आहे. तुम्ही फक्त बसायचं आणि ऐकायचं." मी पहिल्या रविवारी पोट दुखतंय म्हणून सांगितलं, तर त्यांच्या पत्नी सुमनकाकू शंकरपाळ्यांचा डबा घेऊन स्वतः दारात आल्या. "जा हो सर. तुम्ही बरोबर असलात की मला बरं वाटतं." शंकरपाळे घेतल्यावर पोटदुखीला काही अर्थ उरला नाही.

त्या गाडीत बसणं म्हणजे जीव मुठीत धरणं. वेगामुळे नव्हे, काका तसे बेताने चालवतात. भीती असायची ती गाडी आता कुठला अवयव टाकते याची. पहिल्या वर्षी पाण्याचा पंप गेला. मग काचेची मोटर गेली, तीही पावसाळ्यात, काच खाली असताना. मग सेन्सर नावाच्या वस्तू जाऊ लागल्या आणि त्या गाडीत त्या किती आहेत याचा थांग अजून लागलेला नाही. पार्ट परदेशातून यायला सहा आठवडे लागायचे आणि आला की तो डाव्या बाजूचा निघायचा. सातपूरचे मेकॅनिक गाडी बघून दोन्ही हात पाठीमागे बांधत. तिच्या एका टायरच्या किमतीत माझी अख्खी स्कूटर येते, हे मी टायरवाल्याकडे स्वतः ऐकलं आणि घरी येऊन स्कूटर पुसली. काकूंचा हिशेब वेगळा होता. "त्या गाडीत आजवर दोन किचन ट्रॉल्या आणि एक चारधाम गेलंय," असं त्या काकांच्या समोर उभ्या राहून, हातवारे करून सांगत. काकू काकांशी नेहमी अशाच बोलत, आधी समोर येऊन उभ्या राहत आणि मगच तोंड उघडत. मला वाटायचं, भांडायची पद्धत असते एकेकाची.

डिकीत दोन फोल्डिंग स्टुलं, दोर, पाण्याचे कॅन आणि टॉर्च कायम असत. स्टुलं गाडी बंद पडल्यावर टोइंगची वाट बघायला. टोइंगवाल्याचा नंबर काकांच्या फोनमध्ये 'देवमाणूस' या नावाने होता.

आणि सगळा रस्ताभर एकच प्रश्न असायचा. "सर, ऐकलं का?"

"काय?"

"काही नाही ना? नक्की?"

दर दोन मिनिटांनी हे चाले. या माणसाला काय ऐकू येतंय जे मला येत नाही? चौतीस वर्षं मशिनं ऐकलेला कान, त्याला काहीतरी लागलं असणार. मी घाबरून "नाही, नाही, काही नाही" म्हणायचो आणि मनात देवाचं नाव घ्यायचो. माझ्या डोक्यात एकच हिशेब पक्का होता. खरंच काही बिघडलं, तर काकांना माझ्या आधी कळेल. काका गप्प आहेत तोवर आपण जिवंत आहोत.

एक गोष्ट मी बघूनही बघितली नव्हती. स्क्रूड्रायव्हरची मूठ सुरुवातीला कानाला असायची. मग ती कानामागच्या हाडावर गेली. गेल्या दिवाळीपासून ती दातांत होती. आम्ही कॉलनीतले लोक हसलो, वय झालं म्हणालो. पुढे विचार केला नाही.

त्या रविवारी काकांनी वणीच्या गडावर जायचं ठरवलं. चढताना गाडी मजेत होती. दर्शन झालं, प्रसाद झाला आणि आम्ही घाट उतरायला लागलो. समोर एक लाल दिवा असतो, ब्रेकचा. तो त्या गाडीत घेतल्या दिवसापासून लागलेला होता, म्हणून काकांनी त्याच्यावर काळी टेप चिकटवली होती. "दिवा खोटारडा आहे, सर. ब्रेक घासायला लागले की आवाज येतो. आवाज खोटं बोलत नाही."

तिसऱ्या वळणावर आवाज आला.

आधी बारीक, पाटीवर खडू घासल्यासारखा. मी काकांकडे बघितलं. ते शांतपणे चालवत होते. म्हटलं, किरकोळ असेल. पुढच्या वळणावर तो वाढला. मग लोखंडावर लोखंड, अशी किंकाळी, की माझ्या दाढा शिवशिवल्या. रस्त्याच्या कठड्यावर वानरं बसली होती. ही गडाची वानरं माणसाच्या हातातून नारळ ओढून नेतात, कुणाच्या बापाला भीत नाहीत. ती झाडावर पळाली. चालत चढणाऱ्या एका बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या बाजूला काचेच्या पलीकडे दरी होती. मी काका कधी बोलतात याची वाट बघत होतो.

काका बोलले. माझ्याकडे वळून, हसून म्हणाले, "सर, आज गाडी किती शांत आहे बघा!"

इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. दरीला नाही घाबरलो, त्या हसण्याला घाबरलो.

मी ओरडलो, "काका, ब्रेक!" त्यांनी समोरच बघितलं. मी पुन्हा ओरडलो आणि त्यांचा दंड धरून हलवला, पुढच्या चाकाकडे बोट केलं. त्याच क्षणी पायाखालचा ब्रेकही थरथरला असणार. काकांचा चेहरा पांढरा पडला. "हाई काय शे?" त्यांच्या तोंडून गावाकडची बोली निघाली. पण हात डगमगले नाहीत. गिअर खाली, आणखी खाली, इंजिन गुरगुरलं, वेग मोडला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या भिंतीला हलकेच घासत थांबली. चाकातून धूर येत होता.

काका खाली उतरले. कानांवरून हात काढणाऱ्या त्या बाईंकडे त्यांनी बघितलं, झाडावरच्या वानरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून ओरडतेय?"

"तिसऱ्या वळणापासून."

हे मी दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा त्यांच्या समोर उभा राहून, हाताची तीन बोटं दाखवून.

आम्ही स्टुलं मांडली. देवमाणूस नाशिकहून यायला दोन तास होते. काकांनी स्क्रूड्रायव्हर मांडीवर घेतला.

"उजवा कारखान्यातच गेला," ते म्हणाले. "डावा रिटायर झाल्यापासून जातोय. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या बाजूला बसायचो ना. सर, लोक मला डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर बहिरा झाला, हे कसं सांगू? घरात तर बोललोच नाही. हिला वाटतं, मी लक्ष देत नाही. वाटू दे म्हटलं."

"मग एवढी महागडी, एवढी नाजूक गाडी कशाला घेतली?"

"हिचा आवाज पोटात येतो." त्यांनी छातीखाली तळवा ठेवला. "बाकी सगळं दर महिन्याला थोडं थोडं बंद होत गेलं. पाखरं गेली, मग कुकर गेला, मग फोन. ही एकच राहिली होती. ही बंद पडली की मग काय, याची मला फार भीती वाटते."

चार वर्षं मी त्या गाडीत भीतीने बसत होतो आणि मला वाटत होतं, भिणारा मी एकटाच आहे. मला माझी लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की मी नुसता काकूंनी दिलेला डबा उघडून शंकरपाळे पुढे केले.

संध्याकाळी टोइंगच्या गाडीवर चढून नारिंगी कूपे कॉलनीत आली. काका दोर सोडवत होते. फाटकाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, आवाज तुम्हाला आला ना?"

काय सांगावं आणि काय लपवावं, समजेना.

"म्हणून तर पाठवते तुम्हाला," काकू हळू म्हणाल्या. एवढं हळू बोलायची गरज नव्हती, काका चार हातांवर पाठमोरे होते. "मला माहितीय हे त्यांना सांगू नका हं. चौतीस वर्षं कानाच्या जोरावर मान मिळवलाय त्यांनी. स्वतः सांगतील तेव्हा सांगतील. मी समोर जाऊन बोलते, चालतं आमचं."

काका वळले. काकू लगेच त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हातवारे करून म्हणाल्या, "आता तिसरी किचन ट्रॉली का?"

काका हसले. मी घरात जाऊन हार्मोनियम काढली आणि न वाजवताच ठेवून दिली.

ब्रेकचे पॅड यायला सहा आठवडे लागले, पहिल्यांदा अर्थातच डाव्या बाजूचे दोन नग आले. टेप निघाली. घाट बंद केला आहे, तशी अट मी घातली. कानाच्या डॉक्टरकडे जायचं मात्र "बघू, पॅड आले की" असं चाललं होतं. पॅड आले. परवा सकाळी साडेसहाला बॉनेट उघडलं, गाडी चालू झाली, आमच्या वाट्या थरथरल्या. मी गॅलरीत होतो. काकांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला, पण मूठ दातांत धरली नाही. वर बघून मला हाक मारली.

मी खाली गेलो. त्यांनी मूठ माझ्यापुढे धरली. "सर, तुम्ही ऐका आणि सांगा. समोर उभं राहून सांगा."

मी मूठ कानाला लावली. घाबरत घाबरतच, कारण तिच्या आत काय काय चालू आहे हे मला कधीच नीट ऐकायचं नव्हतं. मग एकेक सांगत गेलो. वरच्या बाजूला टिकटिक आहे, एका लयीत. उजवीकडे बारीक शिटी, येते आणि जाते. खाली काहीतरी खुळखुळतंय, सैल घुंगरासारखं.

काका माझ्या ओठांकडे बघत होते. "टिकटिक टॅपेटची, गरम झाल्यावर जाईल. शिटी बेल्टची. आणि खुळखुळतंय ती सायलेन्सरची पत्र्याची पट्टी, एक बोल्ट आवळला की झालं."

त्यांनी वाकून बोल्ट आवळला. मी पुन्हा मूठ कानाला लावली. खुळखुळ गेली होती.

"गेली," मी म्हणालो.

"नक्की?" काकांनी विचारलं.