तात्यांची उचल

आमच्या गावची विमानं म्हाताऱ्यांच्या उपदेशावर उडतात. म्हातारा बोलतो, तरुण पोरगं ते एका कानाने ऐकतं आणि दुसऱ्या कानात बसवलेल्या नळीतून टाकीत सोडतं. मधे डोक्यात काही अडकलं तर इंजिन खोकतं. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेलं, माझ्यात काहीच अडकत नाही. म्हणून तात्यांनी मला त्यांच्या 'घार' कंपनीत कानावर ठेवलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आवाज मोठा, हिशेब कच्चा.

विमान कंपनीचा निम्मा खर्च उपदेशावरच जातो. उन्हाळ्यात म्हातारे मोबाइलला लागले, तोंड उघडेनात. भाव कडाडला. तात्यांची तंतरली. ऊसतोडीच्या टोळीला देतात तशी त्यांनी पारावरच्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना आगाऊ पैशांची उचल दिली आणि त्याच चढ्या भावाने वर्षभराचा उपदेश बांधून घेतला.

मग बारावीचा निकाल लागला. निम्मं गाव नापास. घराघरातून उपदेश गटारीला वाहू लागला. समोरच्या 'पाखरू' कंपनीच्या देवकतेबाईंनी कुणाचाच भाव बांधलेला नव्हता. त्यांनी दारोदार पिंपं लावली आणि तिकीट निम्म्यावर आणलं.

"तात्या, आपलं नागपूर रिकामं गेलं," मी म्हणालो.

"जाऊ दे. मी दूरदृष्टीने भाव बांधलाय."

"लांबचं दिसतंय, आणि समोरची रिकामी सीट दिसंना व्हय?"

"पल्या, कॉलेज सोडलेल्याने मला धंदा शिकवू नये."

यावर निवृत्त हेडमास्तर खंदारे सर जेवणापर्यंत बोलले. टाकी भरली. बसायला माणूस नव्हतं.

बाप गालातल्या गालात हसत होता. "घार बसली की तू परत कॉलेजात. फी भरून ठेवलीय."

आता प्रश्न माझ्या जिवाचा होता. मी चहाच्या टपरीवर नापास पोरं गोळा केली. "घरी कुणी काही बोललं की एकच म्हणायचं, 'बरोबर आहे तुमचं.' उलट बोलायचं नाही."

"खरंच बरोबर असलं तर?" एकाने विचारलं.

"नसतं. घाबरू नको."

आठवडाही लागला नाही. म्हाताऱ्याला उलट बोलणारं माणूस लागतं; कबूल झालेल्या पोराला तो सांगणार काय? शेजारचे आजोबा तर नातवाचा हात धरून रडले, "आरं, एकदा तरी मला अक्कल शिकव की रं!" नातू म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." आजोबा आत जाऊन झोपले.

गावातला फुकटचा झरा आटला. भाव उन्हाळ्याच्याही वर गेला. मी मात्र खुर्चीत बसून खंदारे सरांना वाक्यागणिक उलट उत्तरं देत होतो आणि आमच्या टाक्या जुन्याच भावाने भरत होत्या. 'पाखरू'ची विमानं धावपट्टीवर माना टाकून उभी. शेवटी देवकतेबाई स्वतः आल्या.

"तात्या, दोन टाक्या उसन्या द्या हो."

"उसन्या नाही, विकत. तिप्पट."

घार वाचली. तात्या दूरदर्शी ठरले. पेपरवाला आला, तेव्हा फोटोसाठी तात्या माझ्या खुर्चीत बसले आणि नळी स्वतःच्या कानात घालून घेतली. समोर म्हातारे रांगेत उभे. पुढच्या वर्षाची उचल, आजच्या भावाने.

मला राहवलं नाही. "तात्या, थांबा. भाव चढलाय. आज सगळं बांधू नका, थोडं बांधा, थोडं मोकळं ठेवा. मागच्या वेळी हेच केलंत. माणसाने ठेच लागल्यावर तरी खाली बघावं."

तात्या फोटोवाल्याकडे बघून हसत होते. माझं बोलणं या कानातून शिरलं, त्या कानातून निघालं. टाकीचा काटा हलला.

खंदारे सरांनी टाकीत बोट बुडवून वास घेतला. "दाट आहे," ते म्हणाले, आणि रांगेत आपल्या शेजारी मला जागा करून दिली.

बापाचा चेहरा पडला. उचल घेतलेल्या माणसाला वर्षभर कुठे जाता येत नाही, कॉलेजातही नाही.

तात्यांनी पाकीट पुढे केलं.

मी दर विचारला.