दार वजा, खिडकी वजा

आमच्या सरावलीच्या चाळीत एक गृहस्थ भिंतींना मिठ्या मारतात. नवे भाडेकरू आधी दचकतात. मग त्यांना कळतं, की हे वामनकाका राऊत आहेत आणि ते रंगाचा अंदाज घेताहेत. दोन्ही हात फैलावायचे, गाल भिंतीला लावायचा आणि खेकड्यासारखं आडवं सरकत पुटपुटायचं, "एक वाव, दोन वाव, दार वजा, खिडकी वजा." कोणी टेप पुढे केली तर ते तिच्याकडे कीव आल्यासारखे बघतात. "टेपला झोल पडतो. हाताला नाय पडत."

काकांनी जन्मात ब्रश धरलेला नाही. तारापूरच्या एका कारखान्यात पाळ्या करून ते निवृत्त झाले. ब्रश रंगाऱ्यानं धरायचा. रंग किती लागेल ते काकांनी सांगायचं, तेही न विचारता. सत्यनारायणाला सगळे आरतीत असतात, काका छतात. प्रसादाचा द्रोण घेता घेता यजमानाच्या कानाशी लागतात, "छत धरून अकरा लिटर. दोन हात." एकदा एका दाखल्यासाठी कोळगावला ते माझ्याबरोबर आले. जिल्हा कार्यालयाची लांबच लांब भिंत बघून असे हरखले, की मी रांगेत आणि काका व्हरांड्यात, भिंतीला बिलगलेले. शिपायानं हटकलं, तर त्यालाच विचारलं, "एवढ्याला ड्रम किती गेले असतील हो?"

वजाबाकी हा त्यांचा खरा आनंद. दार-खिडकी कोणीही वजा करील. काका कपाटामागची भिंत वजा करतात, देव्हाऱ्यामागची करतात. आमच्याकडे त्यांनी माझ्या दिवंगत सासऱ्यांची भली मोठी तसबीरही वजा केली. "ते कुठं जातायत आता?" म्हणाले. अर्थातच रंग कमी पडला. पण चूक काकांची कशी असेल?

"भिंत प्यायली," ते शांतपणे म्हणाले.

आजवर जिथं जिथं रंग कमी पडला, तिथं तिथं भिंत प्यायलेलीच निघाली. काकांचा अंदाज चुकला, हे वाक्य आमच्या चाळीनं ऐकलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एका डागावरून वर्षानुवर्षं भांडण चाले. सुमनकाकी दुपारी खिडकीशेजारी जमिनीवर बसून भाजी निवडायच्या आणि डोकं भिंतीला टेकायच्या. केसांच्या तेलाचा तिथं बशीएवढा गोल डाग पडला होता. काका करवादायचे, "तेलावर रंग धरत नाय." काकी म्हणायच्या, "मग डोकं काय खुंटीला टांगू?"

पुढे वापीला मुलाकडे बाळ झालं. काकी सव्वा महिन्यासाठी म्हणून गेल्या, त्या तिथंच अडकल्या. सूनबाईची नोकरी, बाळाचे दात, मग बाळाची पावलं. इकडे काकांच्या मिठ्या वाढल्या. रंगवायचा विचारही नसलेल्या घरांचे अंदाज लोकांना मिळू लागले.

यंदा गणपतीआधी काकींचा फोन आला. येते म्हणाल्या, पण घर रंगवून ठेवा. करमलं तर राहीन, नाहीतर मुलाबरोबर परत जाईन.

काकांनी स्वतःची खोली मोजली, तेव्हा साक्षीला मी होतो. सरकत सरकत ते खिडकीशेजारी आले आणि थांबले. हात खाली घेतले. "एवढं वजा," म्हणाले. कपाट तिथं नव्हतं, तसबीरही नव्हती.

रंगारी तो डाग घासायला गेला, तर काका मध्ये आडवे. "चाचा, इतना-सा क्यूँ छोड़ना?" त्यानं विचारलं.

"छोडने का. हिसाब में नहीं है."

काकी आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांची नजर भिंतीवर. "सगळं कसं लख्ख, आणि हा मेला डाग तेवढा ठेवलात?"

मी कान टवकारले. आता भिंत प्यायली, म्हणणार.

काका उगाच पायानं चपला सारख्या करू लागले. "रंग कमी पडला," म्हणाले. "माझाच अंदाज चुकला."

पलंगाखाली उरलेल्या रंगाचा डबा मला दिसत होता. मी तो हळूच आत सरकवला.

काकी खिडकीशेजारी बसल्या, हुश्श केलं आणि डोकं मागं टेकलं. बरोब्बर तिथंच.