बिनशिक्क्याचा व्हिसा

सिंगापूरचा व्हिसा आला म्हणून सोमवारी संध्याकाळी ज्ञानेश पेढे घेऊनच घरात शिरला. त्याच्या वडिलांनी, चिमाजींनी, पेढा बाजूला ठेवला, चष्मा लावला, कागद उलटा केला, सुलटा केला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि विचारलं, "शिक्का कुठंय?"

"अण्णा, याला शिक्का नसतो. हा कंप्युटरवर येतो."

"आला ना? मग आल्यावर कुणी शिक्का मारायचा व्हता?"

ज्ञानेशने एक दीर्घ श्वास घेतला. मखमलाबादच्या मळ्यात त्याने गुलाबाचं पॉलिहाऊस घातलं तेव्हापासून असे दीर्घ श्वास घ्यायची त्याला सवय झाली होती. पहिल्या पॉलिहाऊसचे गुलाब नाशिक-मुंबईच्या बाजारात खपत होते. दुसरं मात्र त्याने सिंगापूरच्या मुरुगेसन नावाच्या ठोक व्यापाऱ्याच्या भरवशावर उभारलं होतं. वर्षभर नुसते फोन आणि फोटो चालले होते, आणि आता मुरुगेसनने शेवटचं सांगितलं होतं, गुरुवारी सकाळी दहाला माझ्या दुकानात या, समोरासमोर बोलू, हंगामभराचा माल ठरवू. नाही जमलं तर बंगलोरची मंडळी वाट बघत आहेत. तीन दिवसांचं काम होतं, पण दुसऱ्या पॉलिहाऊसमधल्या प्रत्येक कळीचं भवितव्य त्या तीन दिवसांवर होतं.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. गंगापूर रोडवर अनसूया दीक्षित यांचं प्रवासाची तिकिटं काढून देण्याचं ऑफिस होतं. त्यांनी ज्ञानेशचा फॉर्म कंप्युटरवर भरला, फोटो चढवला आणि चौथ्या दिवशी व्हिसा ई-मेलने आला. त्यांनी तो छापून हातात ठेवला. मुंबईला खेप नाही, रांग नाही, कुणापुढे उभं राहणं नाही. नेमकं हेच चिमाजींना खटकत होतं.

"हे खाली काय लिव्हलंय?"

"हा कागद कंप्युटरने तयार केला आहे, यावर सहीची गरज नाही, असं लिहिलंय."

चिमाजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "सहीची गरज नाय असं लिव्हलंय. बरं. मग त्याच्याखाली सही कुणाची हाय?"

ज्ञानेशने कागद घडी करून पाकिटात ठेवला. आता चिमाजी हट्टी होते असं कुणी म्हणेल, पण त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. या माणसाचा अख्खा जन्म शिक्क्यांच्या दारात गेला होता. सातबाऱ्यावर शिक्का अस्पष्ट उठला म्हणून ते तीनदा परत आले होते, आणि एकदा शिक्का स्पष्ट होता पण चौकोनी होता, गोल हवा होता, म्हणून चौथ्यांदा. स्वतःचं लग्न झालंय हे सिद्ध करायलाही त्यांना शिक्का लागला होता, तोही नवसाबाई शेजारी उभ्या असताना. अशा माणसाला परक्या देशाने एक कोरा करकरीत कागद पाठवून 'या' म्हणावं, हे त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

नवसाबाईंनी मधला मार्ग काढला. "मारून घे ना एखादा शिक्का. काय जड हुतोय का पिशवीत?"

"आई, कुठलाही कसा मारायचा?"

"आपले डॉक्टर हायेत की."

आपले डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर, गौरांग गर्गे. ते राजपत्रित अधिकारी असल्यामुळे आसपासच्या चार वस्त्यांमधल्या पोरांचे दाखले आणि गुणपत्रिका तेच खऱ्या नकला म्हणून सही-शिक्क्यानिशी देत. म्हशीचं पोट फुगलं तरी त्यांच्याकडे जायचं आणि पोरगी बारावी झाली तरी त्यांच्याकडेच. ज्ञानेशने रात्रभर विचार केला. कागद बरोबर आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पण वडिलांनी तीन वेळा विचारल्यावर आपल्यालाही तो कागद जरा फिकट वाटू लागलाय, हेही त्याच्या लक्षात आलं.

मंगळवारी सकाळी बापलेक मोटरसायकलवरून दवाखान्यात गेले. डॉ. गर्गे गमबूट घालून एका कालवडीला लस टोचत होते. त्यांनी हात धुतले, कागद वाचला आणि अभिनंदन केलं. तेवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं.

"शिक्का मारतो. मूळ प्रत द्या."

"हीच मूळ आहे, डॉक्टर."

"छे! ही तर प्रिंट. मी 'मूळ प्रतीवरून तपासले' असं लिहून सही करतो. मूळ न बघता मी आजवर एकही सही केलेली नाही."

"मूळ कंप्युटरमध्ये आहे."

"मग कंप्युटर आणा."

चिमाजींनी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिलं. शेवटी एक तरी शिकलेला माणूस मुळाविषयी विचारत होता. "तो कंप्युटर बाईंच्या हापिसात हाय," ते म्हणाले. "टेम्पोत घालून आणू का? फुलांचाच टेम्पो हाय, धक्का लागायचा नाय."

"अण्णा, कंप्युटर उचलून आणला तरी त्यात ई-मेल दिसणार नाही. इंटरनेट लागतं."

"मग ते बी आणू."

शेवटी डॉक्टरांनाच दया आली. गंगापूर रोडला त्यांना औषधांचं एक खोकं आणायचं होतंच. ते शिक्का, शाईचं पॅड आणि शाईची बाटली घेऊन ज्ञानेशच्या मागे बसले आणि चिमाजी त्यांच्या मागे. अशी तिघांची वरात भर दुपारी अनसूया दीक्षितांच्या वातानुकूलित ऑफिसात शिरली. डॉक्टरांच्या गमबुटांना कालवडीच्या गोठ्यातलं बरंच काही चिकटलेलं होतं. अनसूयाताईंनी पंख्याचा वेग वाढवला.

"मॅडम, मूळ दाखवता का?" डॉक्टरांनी अदबीने विचारलं.

अनसूयाताईंनी ई-मेल उघडून दाखवला. डॉक्टरांनी पडद्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर बोट लावून ताडून पाहिला. त्यांचं समाधान झालं. ताई चहा सांगायला आत गेल्या आणि तेवढ्यात चिमाजींनी पुढाकार घेतला. सातबाऱ्यावरचा तो अस्पष्ट शिक्का त्यांच्या मनात होताच. त्यांनी बाटलीतली शाई पॅडवर ओतली, जरा जास्तच ओतली. डॉक्टरांनी शिक्का उचलला, नेम धरला आणि ठप्पकन मारला.

शिक्का अप्रतिम उठला. गोल, निळाशार, ठसठशीत. 'पशुधन विकास अधिकारी' ही अक्षरं पाच पावलांवरून वाचता येत होती. फक्त त्यांच्याखालचा व्हिसाचा नंबर आता कुठूनच वाचता येत नव्हता.

"आता याच्यावर बी एक," असं म्हणत चिमाजींनी ज्ञानेशच्या पिशवीतून पासपोर्ट काढला आणि उघडून टेबलावर ठेवला. डॉक्टरांचा हात लयीत आला होता. तो वर गेला. ज्ञानेशने ते पाहिलं आणि सरळ आपला हातच मध्ये घातला. ठप्प! शिक्का त्याच्या मनगटाजवळ उठला.

चहा घेऊन आलेल्या अनसूयाताई दारातच थांबल्या. ट्रेमधले कप किणकिणले.

"तुम्ही व्हिसावर गुरांच्या डॉक्टरांचा शिक्का मारलात?"

"आणि ज्ञानेशच्या हातावर," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "पण ते तपासलेलं नाही."

ज्ञानेशने कागद खिडकीपाशी नेऊन शिक्क्याखालचा नंबर शोधून पाहिला. विमान उद्या दुपारचं. नंबर शाईत बुडालेला. त्याच्या डोळ्यांसमोर बंगलोरची मंडळी मुरुगेसनच्या दुकानात हात मिळवताना दिसू लागली. "ताई, आता पुन्हा अर्ज? चार दिवस?"

अनसूयाताईंनी ट्रे खाली ठेवला, माऊसवर एकदा टिचकी मारली आणि प्रिंटरमधून घरघरत नवा कागद बाहेर आला. कोरा, स्वच्छ, नंबरासकट. "हा घ्या. आणि विमानतळावर जाईपर्यंत कुणालाही दाखवू नका."

ज्ञानेशला इतकं हायसं वाटलं की त्याने डॉक्टरांचाही चहा पिऊन टाकला. चिमाजी मात्र गंभीर झाले होते.

"बाई, असा आणखी एक निघंल?"

"कितीही निघतील, काका." त्यांना पटावं म्हणून ताईंनी आणखी दोन काढून दाखवले.

तिथेच सगळं बिनसलं. घरी आल्यावर चिमाजींनी समोर आलेलं ताट बाजूला सारलं. म्हणाले, "कितीबी निघतो तो कागद खरा नसतो. आपल्या सातबाऱ्याचे असे निघाले असते तर आज अर्धं नाशिक आपलं असतं."

सुवर्णा नवऱ्याच्या मनगटावरची शाई खोबरेल तेलाने पुसत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, अण्णांशी वाद नका घालू. ते सकाळपासून जेवले नाहीत."

"नको जाऊस, ज्ञानू," चिमाजी एकदम म्हणाले. "गुलाब हितंच इकू. तिकडं कुणी धरलं, म्हणलं शिक्का दाखव, तर तू काय दाखवशील? तिथं ना आपला तलाठी, ना कुणी वळखीचं. मी कुणाला फोन करू?"

त्यांनी ज्ञानेशचा शाई लागलेला हात घट्ट धरला. तेव्हा कुठे ज्ञानेशला कळलं, की हा हट्ट नव्हता, ही भीती होती. म्हातारा दोन दिवस मुलासाठी घाबरून बसला होता, आणि आपण त्याला ई-मेल समजावत बसलो होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. "अण्णा, काही होत नाही, पोचल्यावर लगेच फोन करतो," तो म्हणाला. मात्र आपला आवाज तितकासा ठाम नव्हता, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बुधवारी पहाटे तो निघाला. कसारा घाट उतरेपर्यंत त्याने तो कागद अकरा वेळा उघडून पाहिला. मुंबईच्या विमानतळावर तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिल्यावर बाराव्यांदा. त्याने पासपोर्टवर कागद ठेवून पुढे सरकवला. खिडकीतल्या मुलीने कागद बाजूला सारला, पासपोर्टचा नंबर कंप्युटरवर बडवला आणि म्हणाली, "खिडकीजवळची सीट देऊ?"

"व्हिसा... बघायचा नाही?"

"इथे दिसतोय ना, सर."

तिने बोर्डिंग पास दिला, हातातल्या बॅगेला बांधायला एक दोरीची चिठ्ठी दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. एवढंच. ज्ञानेशला तिथेच नाचावंसं वाटलं. इमिग्रेशनवाल्यानेही व्हिसाचा शिक्का विचारला नाही, पासपोर्टवर आपला एक उमटवून त्याला पुढे सोडलं. तपासणीच्या यंत्रातून बॅग बाहेर आली तशी त्याने ती उचलली, पट्टा कमरेला आवळला आणि शीळ घालत गेटपाशी जाऊन बसला. जग बदललं होतं. शिक्का विचारण्याचा जमाना संपला होता. परत गेल्यावर हे अण्णांना कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा त्याने मनात जुळवून ठेवली.

विमानात बसायची सूचना झाली. रांग पुढे सरकू लागली. दाराशी उभ्या असलेल्या वर्दीतल्या जवानाने ज्ञानेशच्या बॅगेची चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, उजेडाकडे धरली.

"इसपे मुहर कहाँ है?"

"क्या?"

"मुहर. ठप्पा. बॅग की जाँच हुई, उसका ठप्पा. बिना ठप्पे के नहीं जा सकते."

"साहेब, सब कंप्युटर में है!" ज्ञानेशच्या तोंडून निघून गेलं.

"कंप्युटर में होगा," जवान शांतपणे म्हणाला. "चिठ्ठी पे नहीं है."

मागची रांग चुळबुळली. दारापाशीची मुलगी म्हणाली, "सर, पटकन मारून आणा, दहा मिनिटांत दार बंद होईल." ज्ञानेश बॅग छातीशी धरून उलट्या दिशेने पळत सुटला. सिंगापूर, मुरुगेसन, गुलाब, सगळं त्या दोन इंचांच्या चिठ्ठीवर येऊन टेकलं होतं. दुकानं, खुर्च्या, झोपलेले प्रवासी मागे पडत होते, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजू लागला.

"ज्ञानू, मी बाईंच्या हापिसातून बोलतोय," चिमाजींचा आवाज खणखणीत होता. "सकाळधरनं हितंच बसलोय. हितं एक जण भेटला, परवाच तिकडनं आलाय. म्हणतो, अण्णा, आता शिक्क्याचं काय नाय, सगळं कंप्युटरात असतं. मला पटलं बघ! माझंच चुकलं. तू अजिबात घाबरू नको. आता शिक्का कुणीच इचारत नाय."

"हो अण्णा," ज्ञानेश धापा टाकत म्हणाला.

"आन् तू पळतोयस का?"

"नाही अण्णा. जरा भरभर चालतोय. ठेवतो."

तपासणीच्या यंत्राशी बसलेल्या जवानासमोर त्याने चिठ्ठी धरली. जवानाने त्याच्याकडे पाहिलं, बॅग पुन्हा एकदा यंत्रातून काढली, शिक्का उचलला आणि चिठ्ठीवर मारला. ठप्प! ज्ञानेशला वाटलं, इतका गोड आवाज आपण आयुष्यात ऐकलेला नाही. गोल होता, निळा होता, पण एका बाजूने किंचित पुसट उठला होता. ज्ञानेशने चिठ्ठी उचलली नाही.

"अब क्या हुआ?"

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "एक और मारो ना. जरा साफ."