चार कारकुनांचं यंत्र

कंपनीचं पत्र येऊन अडीच महिने झाले होते आणि हेडक्लार्क नानाजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. गोंडपिपरीच्या लाकूड डेपोला दिलेल्या हिशेबाच्या यंत्रावर 'चार कारकून' असा शिक्का आहे. प्रत्यक्षात ते किती कारकुनांचं काम करतं, तेवढा आकडा कळवावा.

आकडा लिहायला नानाजींचा हात धजत नव्हता. कचेरीत कारकून दोनच, ते स्वतः आणि पोचू. यंत्र खरंच चौघांचं असेल तर दोघांतला एक बदली होऊन लांब सिरोंच्याला जाईल, असं रेंजरसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. नानाजींना रिटायर व्हायला दीड वर्ष होतं. पोचूच्या बायकोला सातवा महिना होता.

शेवटी साहेबांनीच परीक्षा लावली. सागाचे ऐंशी ओंडके, घेर आणि लांबीवरून प्रत्येकाचे घनफूट काढायचे. नानाजी टाकाने, पोचू यंत्राने. यंत्र आकडा नुसता दाखवायचं, म्हणून तो साहेब स्वतः लिहून घेणार.

"मी दांडी हळूहळू फिरवतो, भाऊ," पोचू कानाशी म्हणाला. "तुमी पळवा."

नानाजींनी आयुष्यात काही पळवलं नव्हतं. त्या दिवशी पानसुद्धा न खाता त्यांनी ऐंशी ओंडके दीड तासात संपवले. यंत्राला तीन तास लागले.

"म्हणजे नानाजी, तुम्ही एकटेच दोन यंत्रांना भारी," साहेब म्हणाले. "मग पोचू कशाला पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी नानाजी साहेबांसमोर उभे राहिले. "पुन्हा परीक्षा घ्या, साहेब. काल अंगात ताप होता."

"ताप असताना दीड तास?" म्हणत साहेबांनी परवानगी दिली.

या खेपेला नानाजी दर आकड्याला टाक पुसत बसले आणि पोचूने दांडी अशी फिरवली की यंत्र कण्हू लागलं. यंत्राला चाळीस मिनिटं, नानाजींना चार तास.

"सहा कारकून," साहेब म्हणाले. "मग यंत्र आणि पोचू पुरे. सिरोंच्याची हवा बरी आहे म्हणतात, नानाजी."

बाहेर येऊन पोचू पायरीवर बसला. "कसंबी केलं तरी एक जाऊनच राह्यला, भाऊ. आपुन मोजाले बसलोच काऊन?"

त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस, देवाजी, यंत्राला तेल द्यायला आला. नानाजींनी चाचरत विचारलं, "देवाजीभाऊ, हे चार कारकून तुमी कोणाले बसवून मोजले?"

"मोजते कोण?" देवाजी तेलाचं बुधलं पुसत म्हणाला. "दुसऱ्या कंपनीनं तीन लिवलं, आमी चार लिवलं. आता त्यायनं पाच लिवलं. म्हणून तं तुमाले पत्र टाकलं. मोठा आकडा द्या, आमी सहा लिवतो."

नानाजींनी कागद ओढला.

'यंत्र आकडा दाखवते, लिहीत नाही. म्हणून एकाने दांडी फिरवायची, दुसऱ्याने लिहायचे. डेपोचा नियम असा की ज्यांनी हिशेब केला त्यांनी तो तपासायचा नाही. म्हणून तिसरा लागतो. यंत्र नव्हते तेव्हा दोघांत भागत होते. सबब आपले यंत्र उणे एक कारकून आहे.'

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "दोन्ही दिवस लिहीत बसलेला मीच होतो," ते सावकाश म्हणाले आणि त्यांनी सही केली. "राहा दोघंही. एक माणूस वाढवून द्या म्हणून चांद्याच्या मोठ्या कचेरीला मी वेगळं लिहितो."

नानाजींनी पत्र स्वतः नेऊन पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला तसे ते थबकले. दोन बोटं उघडून त्यातून तीन वजा करून पाहिली. उणे एकच येत होतं. तरी पाय निघेना. हिशेब त्यांनीच केला होता आणि तपासलाही त्यांनीच होता.