भोंबल कोण?

निरापदबाबू सिकदारांनी त्या दिवशी फक्त एकच ओळ लिहायची असं ठरवलं होतं. (जगातली निम्मी भांडणं अशा एका ओळीपायी होतात. उरलेली निम्मी, ती ओळ समजावून सांगण्यापायी.) दुपारचं जेवण झालं होतं, रुईच्या माशाचा रस्सा पोटात स्थिरस्थावर झाला होता, आणि आमच्या शिमुलडांग्यात त्या वेळी कोणी कोणाचं दार वाजवत नाही. तेव्हा त्यांनी मोबाइलवर 'उघडी खिडकी' उघडली आणि लिहिलं, "खेयाघाटाच्या धक्क्याचा चौकशी अहवाल सरकारने तेहतीस वर्षं का दडवून ठेवला आहे?"

आणि उशीवर डोकं टेकलं.

'उघडी खिडकी' म्हणजे मोबाइलवरचा गट. माणसं चार हजार. ज्यांना घरात कोणी चहाच्या साखरेबद्दलसुद्धा मत विचारत नाही, ती सगळी तिथे. सकाळी युद्ध थांबवायची, दुपारी अर्थमंत्र्याला बेरीज शिकवायची, संध्याकाळी हिलसा मासा महागला त्यामागे कोणत्या देशाचा हात आहे ते शोधायची. "सरकार काहीतरी लपवतंय" हे तिथे आपण रामराम म्हणतो तसं म्हणत. बरं, जे लपवलेलं नाही ते तरी कोणी वाचावं? नगरपालिकेच्या फळ्यावर पाणी कधी येणार ते खडूने लिहिलेलं असतं. एकजण वाचील तर शपथ.

आता तो धक्का. तेहतीस वर्षांपूर्वी फेरीबोटीसाठी नवा धक्का बांधला, तो उद्घाटनाच्याच दिवशी एका अंगाला खचला. मेलं कोणी नाही. पण एक मंत्री, दोन इंजिनियर आणि अख्खा बॅंड गंगेच्या चिखलात कमरेपर्यंत उभा राहिला. (बॅंडमास्तराने म्हणे वाजवणं थांबवलं नव्हतं.) चौकशी झाली, अहवाल आला, आणि मग तो कोणाच्या नजरेला पडला नाही.

गंमत अशी, की निरापदबाबूंनी सगळी नोकरी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात काढलेली. लोक कागद मागायला येत आणि हे चष्म्यावरून बघून सांगत, "सापडत नाही. पूजेनंतर या." कुठली पूजा, कुठल्या वर्षाची, ते सांगत नसत. आता निवृत्त झाल्यावर तेच कागद सापडत नाहीत म्हणून त्यांचं रक्त उसळत होतं.

झोपून उठले तर त्या एका ओळीखाली तीनशे बारा उत्तरं.

गटाचे चालक तलापात्रमास्तर. जन्मभर भूगोल शिकवला, आणि त्यामुळे सगळ्या जगाचं काय चुकतंय ते त्यांना नकाशावर दाखवता येई. त्यांनी लिहिलं होतं, "निरापदबाबू, आपण राष्ट्राच्या जखमेवर बोट ठेवलंत." संध्याकाळपर्यंत 'जनसत्य समिती' स्थापन झाली. अध्यक्ष निरापद सिकदार. माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्यांच्याच सहीने गेला.

"ऐकलंस का, तरू? मी अध्यक्ष झालो," ते बायकोला म्हणाले.

तरुलताबाई परवल सोलत होत्या. "असं का? मग अध्यक्षमहाराज, मोरीतला नळ गळतोय. त्याचीही चौकशी लावा."

दोन महिन्यांनी उत्तर समितीच्या पत्त्यावर, म्हणजे तलापात्रमास्तरांच्या घरी आलं. त्यांनी ते गटात जसंच्या तसं चढवलं : "सदर अहवालाबाबत दप्तरखान्याच्या नोंदवहीत 'भोंबलकडे दिला' अशी नोंद असून पुढील मागमूस उपलब्ध नाही. भोंबल नावाचा कोणीही कर्मचारी नगरपालिकेच्या सेवेत कधीही नव्हता."

झालं. मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड पडला.

"हे नावच नाही. हे सांकेतिक नाव आहे," तलापात्रमास्तरांनी निकाल दिला.

एकाने फोड केली, "बल म्हणजे सैन्य. भों म्हणजे भोंगा. सैन्याचा भोंगा, म्हणजे बिनतारी यंत्र! धक्क्याखाली यंत्र बसवलं होतं!"

"धक्का खचला नाही, खचवला," तिसरा म्हणाला. त्याला दोन हजार अंगठे मिळाले.

इकडे निरापदबाबूंच्या हातातला चहा पुढ्यातल्या मुरमुऱ्यांत सांडला. कारण भोंबल कोण हे त्या चार हजारांत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस समितीचा अध्यक्ष होता.

आमच्याकडे माणसाला दोन नावं. एक चांगलं नाव, ते शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या पत्रिकेत. दुसरं हाकेचं. चांगल्या नावासाठी पंचांग उघडतात. हाकेचं नाव मात्र त्या दिवशी आत्याच्या तोंडाला जे येईल ते. मग मूल पुढे न्यायाधीश झालं तरी घरात ते पचा नाहीतर घेंटूच. निरापदबाबू लहानपणी गुबगुबीत होते आणि गाल फुगवून बसत, म्हणून भोंबल. दप्तरखान्याचे तेव्हाचे मुख्य कारकून हे त्यांचे मधले मामा. त्यांनीच भाच्याला नोकरीला लावलं, पण भाच्याचं चांगलं नाव काय हे त्यांना मरेपर्यंत नीट आठवलं नाही. दुर्गापूजेच्या सुट्टीत दप्तरखान्याचं छप्पर गळतंय म्हणून भाचा फाइल नक्कल करायला घरी घेऊन गेला, आणि मामांनी सरकारी नोंदवहीत, सरकारी शाईने लिहिलं, 'भोंबलकडे दिला.'

"तरू," निरापदबाबू स्वयंपाकघराच्या दारात येऊन कुजबुजले, "तो भोंबल..."

"कोण, तुम्ही?"

"हळू! कोणी ऐकेल!"

"तुमच्या आईने तीस वर्षं गच्चीवरून कोकलून हाक मारली. आता कोण ऐकायचं राहिलंय?"

"अगं, पण तेव्हाची माणसं आता उरली आहेत का कोणी? तू आणि मी. मला सांग, पूजेच्या सुट्टीत मी एक फाइल आणली होती. लाल फितीची."

"खाटेखाली आहे."

"खाटेखाली?"

"पश्चिमेच्या पायाखाली. खाट डुगडुगायची ना? आठ दिवस फाइल टेबलावर लोळत होती, मी उचलून विटेवर ठेवली. त्यानंतर डुगडुगली का एकदा तरी?"

आमच्याकडे खाटेचे चारी पाय विटांवर चढवतात, खाली ट्रंका आणि तांदळाचे डबे मावतात. निरापदबाबू गुडघ्यांवर बसले आणि वाकून पाहिलं. तीन पाय नुसत्या विटांवर, आणि चौथा लोकशाहीवर. ज्या अहवालासाठी ते दोन महिने सरकारला झोपू देत नव्हते, त्याच्यावर ते स्वतः तेहतीस वर्षं घोरत होते.

दोघांनी मिळून खाट उचलली. (दोघांनी म्हणजे तरुलताबाईंनी. निरापदबाबूंनी 'सांभाळून' म्हटलं.) फाइलीवर विटेची लाल भुकटी आणि हळदीचे डाग होते, पण अक्षर वाचता येत होतं. अकरा पानांचा अहवाल. निष्कर्ष शेवटच्या पानावर : धक्का मजबूत होता. मात्र संदेश-मिठाईच्या वाटपाचं टेबल उत्तर टोकाला मांडल्यामुळे आणि मिठाई कमी असल्याची अफवा उठल्यामुळे सर्व निमंत्रित एकाच वेळी उत्तर टोकाला धावले. यापुढे दोन टेबलं मांडावीत.

"एवढंच?" तरुलताबाई म्हणाल्या.

"एवढंच," निरापदबाबू म्हणाले, आणि फाइल परत विटेवर ठेवली. जन्मभराची सवय. कागद सापडला की आधी ठेवून द्यायचा.

त्यांचा विचार असा होता, की चार दिवस गेले की गट विसरेल. गटाला कुठली गोष्ट चार दिवस लक्षात राहिली आहे? पण गप्प राहिलं तर संशय यायचा, म्हणून ते इतरांपेक्षा दुप्पट ओरडू लागले. "भोंबलला हुडका! भोंबलला जनतेसमोर उभं करा!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथे चोरही भोंबल आणि बोंबही भोंबलच्याच नावाची.

आणि हुडका म्हटल्यावर लोकांनी हुडकला.

खेयाघाटाच्या तोंडाशी भज्यांचं एक दुकान आहे. मालकाचं चांगलं नाव सनातन बाग, पण ते त्याच्या शिधापत्रिकेखेरीज कोणाला माहीत नाही. त्याला अख्खा घाट भोंबल म्हणतो. बेसनात बुडवून वांग्याचे लांब काप तळावेत तर त्यानेच. तलापात्रमास्तरांनी त्याचा फोटो चढवला आणि खाली लिहिलं, "दुकान नेमकं धक्क्यासमोर. तळताना हा सतत नदीकडे बघतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी धूर सोडतो. कोणासाठी?"

निरापदबाबूंनी घाईघाईने लिहिलं, "तो पस्तिशीचाही नाही हो! तेहतीस वर्षांपूर्वी पाळण्यात असेल."

"पाळण्यातच भरती करतात," उत्तर आलं. "परदेशात सर्रास चालतं."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर कोणीतरी डांबराने 'गद्दार' लिहिलं. गिऱ्हाईक थांबलं. घाट समितीने शनिवारपर्यंत जागा खाली करायला सांगितलं. आणि भोंबल, म्हणजे भज्यांचा भोंबल, निरापदबाबूंच्या दारात येऊन रडू लागला.

"काकाबाबू, तुम्ही त्या समितीचे मोठे माणूस. तुम्ही एक शब्द सांगा. मला तेल आणि बेसन सोडून काही येत नाही हो. माझ्या बायकोला नळावर बायका विचारतात, तुझा नवरा कोणत्या देशाचा?"

"बघतो हं, बघतो," निरापदबाबू म्हणाले. तोंडातून 'पूजेनंतर ये' निघणार होतं, ते त्यांनी गिळलं.

तो गेल्यावर तरुलताबाईंनी ओल्या हातांनी मोबाइल उचलला आणि नवऱ्याच्या मांडीवर आपटला. "लिहा."

"अगं, लोक काय म्हणतील? अध्यक्ष मी. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"त्याला उभं राहायला जागा नाही शनिवारपासून! त्या पोराचा धंदा बसला आणि तुम्ही खाटेवर बसलात. तुमच्या नावाचं पाप तो फेडतोय. लिहा, नाहीतर मी गच्चीवर जाऊन तुमच्या आईसारखी हाक मारते."

निरापदबाबूंनी दोन दिवस आणि तेरा कप चहा घेतले, पण शुक्रवारी सकाळी लिहिलं. सगळं लिहिलं. मामा, छप्पर, खाट, वीट, संदेश. अकरा पानांचे अकरा फोटो जोडले. खाली लिहिलं, "भोंबल म्हणजे मीच. गरिबाला छळू नका. मला जी शिक्षा करायची ती करा." लिहून झाल्यावर छाती हलकी झाली, हेही खरं. आता लोक हळहळतील, दोन माणसं खरेपणाचं कौतुक करतील, तलापात्रमास्तर कदाचित लेख लिहितील, असंही एक खूळ मनात डोकावून गेलं.

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं. "किती मिळाले?"

दुसरं, "सरकारने अध्यक्षालाच फोडला. मला वाटलंच होतं."

तिसऱ्याने फोटो तपासले होते. "लाल डाग बघा. नवा कागद जुना दाखवायला विटेची भुकटी चोळली आहे. आणि हळद कसली? कच्चं काम."

"निष्कर्ष वाचा! म्हणे मिठाई! जनतेला मूर्ख समजतात?"

शेवटी तलापात्रमास्तर आले. "मी निरापदबाबूंना वीस वर्षं ओळखतो. ज्यांना दप्तरखान्यात स्वतःची छत्री सापडत नसे, ते तेहतीस वर्षं सरकारचं गुपित सांभाळतील? भोंबल हा पोलादी मनाचा माणूस आहे. निरापदबाबू, आरशात बघा."

आयुष्यात पहिल्यांदा निरापदबाबू खरं बोलले होते आणि पहिल्यांदाच त्यांना खोटारडा म्हणत होते. इतकी वर्षं उलटं चाललं होतं ते किती सुरळीत! रागाने त्यांनी लिहिलं, "माझ्या आईची शपथ, मीच भोंबल!"

त्यावर पडद्यावर एक चौकोन आला : "दुसऱ्याचं नाव धारण केल्याबद्दल आपल्याला या गटातून काढण्यात येत आहे."

शनिवार उजाडला. निदान त्या पोराला धीर तरी द्यावा, घाट समितीपुढे स्वतः उभं राहावं, म्हणून निरापदबाबू फाइल काखेत मारून घाटावर गेले. (घरी खाट एका अंगाला कलली होती.) लांबूनच त्यांना गर्दी दिसली. पोराला मारतायत की काय! ते तसेच धापा टाकत धावले.

मारत नव्हते. रांग होती. ती घाटाच्या पायऱ्यांपासून रिक्षातळापर्यंत गेली होती. झालं होतं असं, की 'उघडी खिडकी'ने भोंबलवर पाळत ठेवायचं ठरवलं होतं. आता पाळत ठेवायची तर दुकानासमोर उभं राहायला हवं. नुसतं उभं राहिलं तर त्याला संशय येणार. संशय येऊ नये म्हणून प्रत्येकजण भजी घेत होता, आणि घेतलेली भजी खाल्ली नाहीत तर आणखी संशय, म्हणून खात होता. खाल्ल्यावर पाळत संपेना. तलापात्रमास्तर वर्तमानपत्राआडून टेहळणी करत होते. त्यांचे दोन्ही गाल भरलेले होते आणि वर्तमानपत्र तेलाने पारदर्शक झालं होतं. घाट समितीचे तिघेही रांगेत होते. 'गद्दार' लिहिलेल्या फळीजवळ उभं राहून माणसं फोटो काढून घेत होती.

निरापदबाबू रांगेच्या कडेकडेने घुसत थेट कढईपाशी पोचले. भोंबलचे दोन्ही हात कोपरापर्यंत बेसनात होते.

"घाबरू नकोस रे बाळा!" ते ओरडले. "मी सगळं कबूल केलंय! तू भोंबल नाहीस, मी आहे भोंबल!"

भोंबलने मानसुद्धा वर केली नाही. झाऱ्याने वांग्याचे काप उलटत तो म्हणाला, "मागे जा, काकाबाबू. हेच सांगून रांग मोडणारे सकाळपासून तुम्ही चौथे."