दत्ताराम पालवचा खोका

दत्ताराम पालवच्या कॉटखाली बाराही महिने एक भरलेला खोका असे. तो घेऊन दत्ताराम कुठेही जात नव्हता.

आखातात राहिलेल्या माणसाला खोका म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. सुट्टीवर गावी जाणारा माणूस रिकाम्या हातानं जात नाही. तो एक मोठा पुठ्ठ्याचा खोका मिळवतो. त्यात दुधाच्या पावडरीचे डबे, सरबताची पावडर, अंगाचे साबण, डोकेदुखीचा बाम, खजूर, बॅटरी आणि वाघाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट भरतो. मग नायलॉनच्या दोरीनं तो खोका असा बांधतो की आत जिवंत वाघ असल्याचा संशय यावा. सगळ्या बाजूंवर जाड मार्करनं स्वतःचं नाव, आणि खाली 'टू' लिहून गावाचा पत्ता.

मस्कतमध्ये हमरियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहत होतो. मी वर्तमानपत्रात, इब्राहिमभाई रुवीतल्या भांड्यांच्या दुकानात, आणि दत्ताराम एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोरमन. दत्ताराम मालवणजवळच्या एका वाडीतला. अरबाबाशी, म्हणजे मालकाशी, हिंदीत, हेल्परशी अरबीत आणि बिघडलेल्या यंत्राशी मालवणीत बोलायचा.

खोक्याची देखभाल तो शिस्तीनं करी. दुधाच्या डब्याची मुदत संपत आली की जुना डबा काढून चहाला द्यायचा आणि नवा आत ठेवायचा. आमचा चहा त्या मुदतीवर चालत असे. एकदा साखर संपली म्हणून इब्राहिमभाईंनी खोक्यातल्या सरबताची पुडी फोडली. दत्ताराम आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

"अरे, पन हा देनार कोनाला?" इब्राहिमभाई विचारत. ते रत्नागिरीचे. बोलणं गोड आणि प्रश्न नेमके.

"बघू. इन्शाल्ला," दत्ताराम म्हणे.

हा प्रश्न खरा अवघड होता. खोका ज्या बाईसाठी भरायला घेतला होता, ती राहिली नव्हती. दत्तारामची आई वाडीत एकटी राहायची. तो सुट्टीवर गेला की खोका ओटीवर उघडायचा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि आतली एकेक वस्तू बघत म्हणायची, "इतक्या कशाक आणलंस? पैसे काय झाडाक लागतत?" मग शेजारणींना हाका मारून सगळं दाखवायची. साबण ती कधीच वापरत नसे. लुगड्यांच्या घड्यांत ठेवायची. "अगो, आंग धुवूक आणलंय!" असं दत्ताराम दर खेपेला ओरडायचा. ती गेल्यावर त्यानं कपाट उघडलं, तर बारा-पंधरा वर्षांचे साबण निघाले. काहींचा वास अजून शाबूत होता.

ती गेल्याची तार आली तेव्हा खोका अर्धा भरला होता. दत्ताराम हातातल्या पिशवीनिशी गेला, दिवसवार उरकले, घराला कुलूप लावलं, किल्ली घेऊन परत आला आणि राहिलेला अर्धा खोका भरून टाकला. त्यानंतर तो गावी गेला नाही. कंपनीचं तिकीट दोनदा सोडलं.

अशात मला जावा बेटाचं वेड लागलं. ज्वालामुखींचं बेट, त्यावर हजार वर्षांपूर्वीची शंकराची देवळं. सोबत हवी होती. दत्तारामला विचारलं. त्यानं दोनच प्रश्न केले.

"थंय फणस असा?"

"आहे."

"घरांका कौलां?"

"बहुतेक."

"मग येतंय," तो म्हणाला आणि वाकून कॉटखालून खोका ओढू लागला.

मी समजावलं. तिथे आपल्या ओळखीचं कुणी नाही. आपण देवळं बघायला चाललोय. ब्लँकेट विषुववृत्तावर नेण्यात अर्थ नाही. दत्तारामनं सगळं ऐकून घेतलं. "सुट्टीवर कोण रिकामो जाता?" एवढंच म्हणाला. मग मार्कर घेऊन 'दत्ताराम पालव, मस्कत' असं लिहिलं, खाली 'टू' लिहिलं आणि थांबला.

"वर तुजा नाव हाय, खाली कोनाचा?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"थंय गेल्यावर बघू."

जावाच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं तो खोका तीनदा फिरवून बघितला. सगळ्या बाजूंना 'टू' आणि पुढे कोरी जागा.

"हे कुणासाठी?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"फॉर होम," दत्ताराम म्हणाला.

"कुठलं होम?"

"नॉट डिसायडेड."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यानं खोक्यावर खडूनं फुली मारली आणि आम्हांला सोडलं.

विमानतळाबाहेर पडल्यापासून दत्ताराम हवेत होता. माड दिसला, "आमच्याकडलो!" केळ दिसली, "आमच्याकडली!" फणस दिसल्यावर त्यानं गाडी थांबवून झाडाला हात लावला. कौलारू घरं, भातखाचरं, बांधावरची पोफळ, रस्त्यात झोपलेलं कुत्रं, सगळं आमच्याकडलं. मस्कतच्या उघड्या डोंगरांत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हिरवा रंग चढतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. वाटेत मेरापी नावाचा ज्वालामुखी धूर सोडत उभा होता. मला वाटलं, निदान हा तरी परका ठरेल. दत्तारामनं तो व्यावसायिक नजरेनं बघितला.

"ह्याचो कंप्रेसर गेलो," तो म्हणाला.

खोका कुणाला द्यायचा, याचा एक नियम होता आणि तो मला दुसऱ्या दिवशी कळला. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला त्यानं चाचणी म्हणून खोक्याबाहेर ठेवलेल्या नमुन्यांतलं खजुराचं पाकीट दिलं. ती हसून "थँक यू, सर" म्हणाली. दत्तारामचं तोंड उतरलं.

"थँक्यू म्हणता. खलास."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"थँक्यू परक्याक म्हणतत. घरचो माणूस वराडता."

गाडीवाल्याला बाम दिला. "थँक यू, बॉस." नापास. प्रंबाननच्या देवळात पहारेकऱ्याला बॅटरी दिली. त्यानं छातीवर हात ठेवून वाकून आभार मानले. "हो तर लयच परको निघालो," दत्ताराम म्हणाला. जावातली माणसं इतकी सभ्य आहेत की खोका रिकामा होण्याची शक्यता मला दिसेना.

प्रंबाननचं देऊळ मात्र मान मागे टाकून बघावं असं. काळ्या दगडाचे सुळके, भिंतीवर सगळं रामायण कोरलेलं, गाभाऱ्यात उंच शंकर, समोरच्या देवळात नंदी. दत्तारामनं चपला काढल्या. दगड तापले होते, तरी तसाच आत गेला. हात जोडले. मग इकडेतिकडे बघितलं. दिवा नाही, फूल नाही, घंटा नाही.

"पूजा कोण करता?" त्यानं मला पहारेकऱ्याला विचारायला लावलं.

"इथे रोजची पूजा नसते," पहारेकरी म्हणाला. तो मुसलमान होता आणि मूर्तीवरची धूळ रोज स्वतः पुसत होता. "आम्ही फक्त सांभाळतो."

हे भाषांतर केल्यावर दत्तारामनं गाभाऱ्याकडे पुन्हा बघितलं. "देव आमचोच," तो मग म्हणाला, "पण घर बंद असा."

तिथून आम्ही दिएंगच्या पठारावर गेलो. तिथली देवळं छोटी, त्यांना नावं अर्जुन, भीम, घटोत्कच अशी. बाजूला जमीन उकळते. चिखलाचे बुडबुडे फुटतात, गंधकाचा वास नाकात बसतो. प्रवासी नाकाला रुमाल लावून फोटो काढत होते. दत्तारामनं दोनदा नाक ओढलं.

"गॅस लीक," तो म्हणाला. "घटोत्कचाच्या बाजूचो सगळो पाइप बदलूक होयो."

माझ्या हिशेबात एकच चूक होती. दिएंग समुद्रसपाटीपासून इतकं उंच आहे की विषुववृत्ताचं तिथे काही चालत नाही. अंधार पडताच माझे दात वाजू लागले. लॉजची चादर रुमालाएवढी पातळ. कोपऱ्यात खोका होता आणि खोक्यात ब्लँकेट होतं.

"दत्ताराम, दोरी सोड."

"ता द्यायचा असा."

"सकाळी परत ठेवू."

"वापरलेला देतत?"

जमिनीखाली लाव्हा, कोपऱ्यात वाघाचं ब्लँकेट, आणि मध्ये मी वर्तमानपत्रं पांघरून बसलो होतो. पेपरातल्या माणसाला पेपरचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो. दत्ताराम स्वतः बनियनवर कुडकुडत होता, हे नोंदवलं पाहिजे.

शेवटचे दोन दिवस प्रंबाननजवळच्या गावात एका घरी खोली मिळाली. मालकीण बू वाती. तिकडे 'बू' म्हणजे आई, वयानं मोठ्या बाईला तशीच हाक मारतात. मुलं दूर शहरात, ती एकटी. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा ती माडाच्या हिरांच्या खराट्यानं अंगण झाडत होती. वर कौलं, मागे फणस. दत्ताराम फाटकातच थांबला. खोका खांद्यावर तसाच.

तिनं वर बघितलं, खोक्याकडे बघितलं आणि खराटा रोखून काहीतरी विचारलं. एवढं ओझं कशाला, असं असावं. दत्ताराम सरळ ओटीवर गेला, खोका ठेवला आणि दोरी सोडायला बसला. दिएंगच्या थंडीत न सुटलेली दोरी इथे सुटली.

डबे निघाले. साबण निघाले. वाघ निघाला. बू वातीनं खराटा खाली ठेवला. तिच्या तोंडून 'थँक यू' आलं नाही. तिनं कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. ती बरंच बोलली. मध्येच वाघाकडे बोट, मध्येच आभाळाकडे, मध्येच दत्तारामच्या फाटक्या चपलांकडे. मला एक शब्दही कळला नाही. तरी गैरसमज होईल असं काही नव्हतं.

दत्ताराम माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होतो, पण हा नव्हता बघितला.

"वराडता!" तो म्हणाला. "अरे, वराडता!"

मग बू वातीनं कुंपणावरून शेजारणीला हाक मारली. ती आली, आणखी दोघी आल्या. वाघ हातोहात फिरला. एकीनं तो पांघरून बघितला. ऊन कडक होतं. तरी तिनं काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम आंघोळीला गेला. न्हाणीघरात जुन्या साबणाचा नखाएवढा तुकडा होता. नवा साबण मागायला तो आत गेला. दार उघडं होतं, कपाटही उघडं. बू वाती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडीवर साबण, साबणावर घडी.

तो तसाच बाहेर आला आणि पायरीवर बसला. मी विचारलं, "साबण मिळाला का?" त्यानं मान हलवली. समोर माड होता, केळ होती, फणस होता. तो ते बघत बसला. मग उठला आणि त्या नखाएवढ्या तुकड्यानं आंघोळ करून आला.

निघताना खोका रिकामा न्यायचा ठरला होता. बू वातीनं तो हिसकावून घेतला. केळ्याचे वेफर्स, वाळवलेले फणसाचे गरे, माडाच्या गुळाच्या ढेपी भरल्या. दोरी तिनंच बांधली. दत्ताराम बाजूला उभा राहून "पुरे गो, इतक्या कशाक?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ती ऐकत नव्हती.

सीबच्या विमानतळावर इब्राहिमभाई न्यायला आले होते. खोका ओळखून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तसाच परत आनलास? कोनी घेतला नाय?"

"घेतला," दत्ताराम म्हणाला. "ह्यो तिकडचो."

त्याच महिन्यात कॉटखाली नवा खोका आला. मार्करनं 'टू' लिहिलं होतं आणि खाली बू वातीचं नाव, गाव, देवळाजवळ, जावा. अक्षरं इतकी मोठी की रुवीतूनही वाचता यावीत. इब्राहिमभाई वाकून आत बघत होते.

"काय रे हा? सगला साबन?"

"साबण," दत्ताराम म्हणाला. "ती काय वापरूची नाय."